मुळ्याच्या पिंपातलं विरजण

इसाबुरोदाजींचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. चारलाच का, हे मी त्यांना कितीदा तरी विचारलं. माती म्हणजे काही गाय नाही, धारेला उशीर झाला म्हणून हंबरायला. त्यांचं उत्तर ठरलेलं, "वडील चारला उठायचे." वडिलांना विचारलं असतं तर त्यांनी त्यांच्या वडिलांचं नाव सांगितलं असतं. या माणसाच्या तोंडून याहून जास्त काही सहसा निघत नसे, आणि माझा सगळा वैताग तिथूनच सुरू होतो.

दाजी म्हणजे माझी थोरली बहीण शिगेनो, तिचा नवरा. कारात्सू गावाच्या मागच्या डोंगरात ओगुशींची भट्टी आहे. तिथे ते मातीवाले होते आणि मी लाकूडवाला. मी पाइनचे ओंडके फोडायचो, रचून वाळवायचो, आणि भट्टी लागली की तिच्या तोंडाशी बसून सरपण सारायचो. दाजी माती खणायचे, भिजवायचे, गाळायचे आणि अनवाणी पायांनी तुडवायचे. ओगुशींकडे पिढ्यानपिढ्या चहाच्या विधीचे वाडगे होतात, दुसरं काही नाही. घरातला कर्ता पुरुष रोहेई हे नाव घेतो. तो थकला की त्याचा मुलगा तेच नाव घेतो. वाडग्याच्या लाकडी पेटीवर ते नाव लिहितात. लाकूड कोणी फोडलं आणि माती कोणी तुडवली हे पेटीवर लिहीत नाहीत. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पेटी लहानच असते.

माती तुडवणं म्हणजे नाच नव्हे, हे आधीच सांगतो, कारण पाहुणे बघायला आले की हमखास हसतात. टाच रोवायची, किंचित वळवायची, पुढचं पाऊल अर्धंच सरकवायचं. कडेकडून आत, गोल गोल. मधोमध पोचेपर्यंत मातीवर शेवंतीसारख्या पाकळ्या उमटतात. मग घडी घालायची आणि परत कडेपासून. तळपायाला खडा लागला की थांबायचं, तो काढायचा. जानेवारीत मातीवर बर्फाचा पापुद्रा असतो, तो पायानेच फोडायचा. मी एका थंडीत हे काम करून पाहिलं आणि मुकाट्याने लाकडाकडे परत आलो.

इतकं करूनही नवी माती उपयोगाची नसते. चाकावर ओढली की चिरते, वाडग्याचा पाया कोरायला घेतला की फुटते. नुसती ठेवून मुरवायची तर वर्षं जातात. म्हणून तिला विरजण लावतात. जुन्या मातीचा गोळा नव्या मातीत कालवायचा आणि झाकून ठेवायचं. दीडदोन महिन्यांत सगळी माती काळपट पडते, आंबूस वास मारते आणि हाताला लोण्यासारखी लागते. त्यातलीच थोडी पुढच्या खेपेसाठी राखायची. ओगुशींचं विरजण चौथ्या की पाचव्या रोहेईपासून चालत आलंय म्हणतात. बघायला कोण होतं? पण दाजींच्या आजोबांनी ते सांभाळलं, वडिलांनी सांभाळलं, आणि माझ्या वेळी ते मागच्या छपरीत एका जुन्या लाकडी पिंपात होतं. दाजी रोज पहाटे ते ढवळायचे, वरून तांदळाचं धुवण घालायचे. नासक्या अंड्याचा वास यायचा. दाजींच्या अंगालाही तोच वास यायचा. अक्का, म्हणजे माझी बहीण, म्हणायची, "यांना धुऊन काढलं तर खाली माणूस सापडेल की नाही कोण जाणे."

ज्या वर्षाबद्दल सांगतोय त्या वर्षी थोरले मालक, म्हणजे अकरावे रोहेई, डोळ्यांनी पार अधू झाले होते. धाकट्या मालकांनी, ताकाफुमींनी, नोव्हेंबरात नाव घ्यावं असं ठरलं. नोव्हेंबरात नव्या चहाची बरणी फोडतात. त्या दिवशी धाकट्यांच्या हातच्या वाडग्यांतून क्योतोच्या, चहाच्या विधीतल्या गुरूंना चहा द्यायचा होता. वाडगे घरच्या मातीचेच हवेत. थोरल्यांना दिसत नव्हतं, पण त्यांची बोटं आणि नाक शाबूत होतं. माती त्यांच्या नाकाला पटली नाही तर नाव पुढे ढकललं जाणार, हे सगळ्यांना माहीत होतं. आणि त्यांची तब्येत बघता पुढे ढकलायला फारशी जागा नव्हती, हेही माहीत होतं.

मे महिन्यात क्योतोहून गुरूंची माणसं तयारी बघायला यायची होती. चहाच्या खोलीकडे जाणारी वाट छपरीच्या बाजूनेच जाते. पाहुणे यायचे असले की दाजी पिंप हातगाडीवर घालून आदल्या पहाटे घरी घेऊन जायचे. या वेळीही ते पाहुण्यांच्या आदल्या पहाटे नेणारच होते. त्याच्या आधीच्या दुपारी धाकट्या बाई छपरीत आल्या. मिहोको त्यांचं नाव, ताकाफुमींची बायको. ओसाकाच्या, लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं. कामाला वाघीण आणि मनाने चांगली. झाडलोट करताना स्वतः बाह्या खोचून गुडघ्यांवर बसायच्या. मी बाहेर मोळ्या बांधत होतो, त्यामुळे सगळं कानांनी ऐकलं.

"इसाबुरोकाका, या पिंपात काय आहे हो?"

दाजी कमरेत वाकले. "काही नाही बाई. घाण आहे नुसती. वासाचा त्रास होतोय तुम्हाला, माफ करा."

"छे, त्रास कसला."

"फार जुनी घाण आहे. माझीच लाज वाटते मला."

आमच्याकडे आपल्या वस्तूबद्दल असंच बोलतात. स्वतःचं पोर असेल तर ठोंब्या, घर असेल तर मोडकं, बायको असेल तर बिनकामाची. समोरच्याने "छे छे" म्हणायचं असतं आणि विषय सोडायचा असतो. बाईंनी "छे" म्हटलंही. पण त्यांच्या मनात आलं ते असं, की म्हाताऱ्याला हे पिंप जड झालंय, उचलून टाकायची ताकद नाही आणि सांगायची लाज वाटतेय. आपण मदत करावी.

दाजी खाणीकडे गेले. मी मोळ्या घेऊन वरच्या भट्टीकडे गेलो. संध्याकाळी दोघं परत आलो तर पिंप छपरीत नव्हतं. ते चहाच्या खोलीच्या वाटेवर होतं. घासूनपुसून उन्हात वाळवलेलं, आत स्वच्छ पाणी, आणि पाण्यात जांभळ्या आयरिसचे दांडे. बागेतल्या दोन माणसांना हाताशी घेऊन बाईंनी आतला गाळ मागच्या ओढ्यात सोडला होता. ओढ्याला वरच्या पावसाचा लोंढा होता. दगडांवर करडा लेपसुद्धा राहिला नव्हता.

बाई ओसरीत उभ्या होत्या. म्हणाल्या, "काका, आता लाज वाटायचं कारण नाही."

दाजींनी वाकून आभार मानले. वर म्हणाले, फुलं छान दिसतात.

मी तिथेच ओरडणार होतो. दाजींनी माझं मनगट धरलं. मातीवाल्याची पकड होती ती, बोटांचे वळ दुसऱ्या दिवशीही दिसत होते.

घरी जाताना रस्त्यात मी त्यांना धारेवर धरलं. आधीची माती सगळी संपलेली होती, नवी परवाच खणून आणलेली, तिला लावायला विरजण नाही, नोव्हेंबर डोक्यावर. म्हटलं, "दाजी, आत्ता परत जाऊ आणि सांगू."

"काय सांगायचं?"

"की ती घाण नव्हती."

"मीच म्हणालो घाण आहे."

"तुम्ही म्हणालात. पण..."

"तिने म्हाताऱ्याचा शब्द खरा मानला. यात तिचं काय चुकलं?" चार पावलं चालून म्हणाले, "थोरल्यांना कळलं, तर ती जन्मभर ओगुशींची माती ओढ्यात सोडणारी सून. नातवंडं झाली तरी हेच. तू या घराला ओळखतोस, तोमेओ."

ओळखत होतो. या घरात एका सुनेने पूर्वी कधी तरी एक जुना वाडगा फोडला होता. ती मरून किती काळ लोटला, पण तिचं नाव अजून त्या वाडग्यासकटच घेतात.

मी म्हटलं, शेजारच्या भट्टीतून बादलीभर विरजण मागून आणू. त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी धाकट्या मालकांना दत्तक द्यायला निघालो होतो. दुसऱ्यांची माती ओगुशींच्या नावाखाली जाणार नाही. शिवाय मागायला गेलं की बोभाटा होणार. मग करणार काय, विचारलं तर चालत राहिले. मी हात टेकले. घरी पोचल्यावर ते आत गेले नाहीत. घराला वळसा घालून मागे गेले आणि उत्तरेच्या भिंतीसमोर उभे राहिले. भिंतीला हात लावला, मग जीभ लावली.

ते घर दाजींच्या वडिलांनी बांधलेलं. बांबूची जाळी आणि तिच्यावर चिखल, जशी आमच्याकडची सगळी घरं असायची. फक्त उत्तरेच्या भिंतीला चिखल लागला तो भट्टीवरचा. वाडग्यांच्या कामातून उरलेली, चाकाखाली सांडलेली, कोरताना पडलेली माती मातीवाल्याने न्यावी असा दहाव्या रोहेईंच्या वेळचा रिवाज होता. वडिलांनी ती साठवली, पेंढा कालवून तुडवली आणि थापली. भट्टीत न गेलेली माती कितीही सुकली तरी पाण्यात टाकली की परत माती होते. विरजणाची तीच, मुरलेली. फक्त भिंत होऊन उभी होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे चारला दाजींनी स्वतःच्या घराची भिंत खरवडायला सुरुवात केली.

आता आमच्या अक्काचं ऐका. ती जन्मभर या माणसाच्या पगारातून थोडं थोडं बाजूला टाकत आली होती. कशासाठी, तर न्हाणीघरासाठी. परसात पत्र्याखाली लोखंडी बुडाची टाकी होती, तिथे आंघोळ. पावसात छत्री धरून जायचं. तिला घराला जोडून पक्कं न्हाणीघर हवं होतं, निळ्या टाइलचं. टाइलचा नमुना तिने दुकानातून मागून आणून देवघरात ठेवला होता. असली बाई पहाटे चूल पेटवायला उठली तर पाठीमागून वारा. वळून बघते तर भिंतीच्या जागी बांबूची जाळी आणि जाळीपलीकडे पर्सिमनचं झाड आणि तिचा नवरा.

"काय चाललंय हे?"

"थोडी माती हवी होती."

अक्काने मला बोलावणं धाडलं. मी सगळं सांगितलं. ती ओरडली नाही. तिने विचारलं, थोडी म्हणजे किती. मी म्हटलं, अक्का, पेंढा आणि वाळू गेल्यावर भिंतीतून कितीशी माती हाती लागणार, बहुधा सगळीच भिंत. तिने भाताच्या भांड्याचं झाकण उघडलं, बंद केलं, आणि म्हणाली, "मग सूनबाईला लाज वाटू नये म्हणून मी उघड्यावर स्वयंपाक करायचा."

तेवढ्याने संपलं नाही. भिजवायला पिंप हवं होतं. भट्टीवरचं जुनं पिंप परत आणता येत नव्हतं, कारण क्योतोच्या पाहुण्यांना ते फारच आवडलं होतं. जुन्या लाकडाला अशी ओल कुठे मिळते, अशी फुलं कुठे खुलतात, वगैरे. ते वाटेवरच राहायचं ठरलं. तेव्हा दाजींनी अक्काचं मुळ्याच्या लोणच्याचं पिंप घेतलं. न विचारता नाही, विचारून घेतलं. म्हणाले, "हे रिकामं आहे का?" ते रिकामं नव्हतं. तळाला मुळे होते. ते आम्ही आठवडाभर सकाळ-संध्याकाळ खाल्ले.

मी काम पाहिलंय, म्हणून सांगतो. ढेपा फोडून भिजवायच्या. पाण्यात ढवळून पेंढ्याचे तुकडे वर येतील ते झाऱ्याने काढायचे. वाळू तळाला बसू द्यायची आणि वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओतायचं. ते निवळलं की वरचं पाणी टाकायचं, खालचा गाळ राखायचा. परत तेच. दिवसभर भट्टीवर माती तुडवून आलेला माणूस संध्याकाळी आणि पहाटे हे करत होता. मी मदतीला जायचो, पण शिव्या देत जायचो. ते एकदाही म्हणाले नाहीत की दमलो. म्हणाले असते तर मला बरं वाटलं असतं.

पावसाळा लागला. उत्तरेला ताडपत्री आणि जुन्या गवती चटया बांधल्या. अक्का मिसोच्या साराच्या पातेल्यावर एक हात धरून ढवळायची, वरून थेंब पडत म्हणून. पिंपातला गाळ मात्र नुसता गाळ होता. तांदळाचं धुवण घातलं, झाकलं, ढवळलं. वास काही येईना. दाजी रोज पहाटे झाकण काढून नाक आत घालायचे आणि परत झाकण लावायचे. मी विचारायचो, आलं का? ते मान हलवायचे. किती वर्षं सुकून पडलेली माती ती, मी मनातून आशा सोडली होती. वर आणखी राग यायचा, की हा माणूस अजूनही एक वाक्य बोलून मोकळा होऊ शकतो आणि होत नाही.

एका सकाळी अक्काच आली, मी लाकडं फोडत असताना. बाहीने नाक दाबलं होतं. म्हणाली, "जा, सांग त्यांना. मेलंय काहीतरी पिंपात."

विरजण लागलं होतं.

दाजींनी मुळ्याचं पिंप भट्टीवर आणलं, छपरीच्या लांबच्या कोपऱ्यात ठेवलं, नव्या मातीला विरजण लावलं. दोन दिवसांत धाकट्या बाई आल्याच. मी कुऱ्हाड खाली ठेवली.

"काका, परत तोच वास. काय आहे यात?"

दाजी वाकले. "घाण आहे, बाई." मी डोळे मिटले. मग ते पुढे म्हणाले, "पण असू द्या."

एवढे तीन शब्द बाहेर काढायला या माणसाला घराची भिंत पाडावी लागली. बाई म्हणाल्या, बरं, आणि त्यांनी पिंपावर एक जास्तीची चटई टाकून दिली, वास अडावा म्हणून. चांगली बाई, मी म्हटलं ना.

माती तयार झाल्यावर थोरल्यांना छपरीत आणलं. धाकट्यांनी हात धरून बसवलं. दाजींनी गोळा त्यांच्या तळव्यावर ठेवला. थोरल्यांनी तो दाबला, ताणला, अंगठ्याने मधोमध चीर पडते का पाहिलं. चीर पडली नाही. मग नाकाशी धरला. बराच वेळ धरला.

"धूर आहे हिला," ते म्हणाले.

उत्तरेच्या भिंतीला लागूनच अक्काची चूल होती.

त्यांनी परत हुंगलं. "आणि मुळा."

दाजी जमिनीकडे बघत होते. थोरल्यांनी गोळा परत दाजींच्या हातात ठेवला, हात पुसले आणि ताकाफुमींना म्हणाले की माती चांगली आहे, कामाला लाग. उठताना दाजींकडे तोंड करून म्हणाले, "इसाबुरो, शिगेनोला माझा नमस्कार सांग."

आजवर ओगुशींच्या कुठल्या मालकाने कामगाराच्या बायकोला नमस्कार धाडल्याचं मी ऐकलं नव्हतं. अक्काचं नाव त्यांना ठाऊक आहे, हेसुद्धा मला तेव्हा कळलं. सगळं उमगलं होतं त्यांना. आणि तेही बोलणार नव्हते. एकाने तोंड उघडलं नाही तर निदान दुसऱ्याने उघडावं, पण नाही.

नमस्कार मी पोचवला. अक्का चटई बांधत होती, आदल्या दिवशीच्या वादळाने सुटलेली. ती म्हणाली, "नमस्काराने वारा अडत नाही."

धाकट्यांनी वाडगे केले. पाया कोरताना एकही फुटला नाही. ऑक्टोबरात भट्टी लावली, मी तोंडाशी होतो, आणि माझ्या लाकडाबद्दल मी काही म्हणणार नाही, वाडगे बघा. नोव्हेंबरात त्यांनी नाव घेतलं. बारावे रोहेई. गुरूंनी वाडगा दोन्ही हातांत फिरवून पाहिला आणि पाया फार शांत आहे असं म्हणाले. तो पाया कशाच्या बळावर शांत होता हे छपरीतल्या दोघांना, अक्काला आणि एका आंधळ्याला माहीत होतं. धाकट्या बाई त्या दिवशी पाहुण्यांमधून ताठ मानेने फिरत होत्या. दाजींना तेवढंच हवं होतं, आणि मला ते तेव्हाही पटलं नव्हतं.

समारंभानंतर नवे रोहेई स्वतः छपरीत आले. वडिलांनी काहीतरी सुचवलं असणार. म्हणाले, "काका, घरी काही लागतं का? काही दुरुस्ती वगैरे?"

मी दाजींच्या मागे उभा होतो. मी त्यांच्या पाठीत बोट खुपसलं.

"काही नाही मालक," दाजी म्हणाले. "मोडकंच घर आहे. चालतंय."

मालकांनी "छे छे" म्हटलं आणि गेले. रीतीप्रमाणे.

हे मी अक्काला सांगितलं तेव्हा तिने ताडपत्रीकडे पाहिलं. थंडी पडली होती, चुलीपाशी बसूनही तिच्या खांद्यावर गोधडी होती. मग ती उठली, देवघरातून निळ्या टाइलचा तुकडा काढला आणि खिडकीच्या फटीत पाचर म्हणून ठोकला. साठवलेले सगळे पैसे रुमालात बांधले आणि गवंड्याला बोलावलं. गवंडी जुना, चिखलाच्या भिंतींत हयात गेलेला. बांबूची जाळी तपासून म्हणाला, जाळी अजून दणकट आहे, वर चिखल थापून देतो, कमी पैशांत होईल.

"सिमेंट," अक्का म्हणाली.

"वहिनी, या घराला सिमेंट शोभणार नाही. ओलही धरेल."

"सिमेंट. विटा पण सिमेंटच्या."

जन्मभर बर्फात माती तुडवून मिळवलेला पगार, त्याने शेवटी विकत घेतली ती सिमेंटची एक भिंत. आंघोळ अजून पत्र्याखालीच. भिंत पुरी झाली त्या दिवशी दाजींनी तिच्यावर बोटांची पेरं वाजवून पाहिली, हात सपाट ठेवून पाहिला आणि म्हणाले, "ही भिजायची नाही."

अक्का म्हणाली, "म्हणूनच."